आधी मृत्युवर्ष, मग स्कॅनर

सकाळी १०. गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय. हस्तकलेची जुनी पुस्तकं टेबलावर येतात, कसर लागलेली आधी. मऊ ब्रशने पानं झाडून दाखल नोंदवहीतला क्रमांक ताडायचा. प्रत आपल्या संग्रहातली असली की जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायला २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना मुभा दिली आहे. इंटरनेटवर टाकायला नाही.

११. त्यासाठी मृत्युवर्षं शोधायची. लेखक वारल्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. पान किती पिवळं पडलंय, हे कायदा विचारत नाही. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे १९१६ चे खंड मुक्त. रसेल १९१५ मध्ये गेले, हिरालाल १९३४ मध्ये. व्हेरिअर एल्विन यांचं मध्य भारतातल्या आदिवासी कलेवरचं पुस्तक १९५१ चं. ते १९६४ मध्ये वारले, म्हणून त्यांचा मजकूर २०२५ उजाडताच मोकळा झाला. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचं राजगोंडांवरचं पुस्तक त्याहून जुनं, १९४८ चं. पण लेखक १९९५ पर्यंत जगले. ते २०५५ अखेरपर्यंत बंद.

दुपारी १. नागपूरच्या ‘उद्यम’ मासिकाचे जुने अंक. इथे वेळ जातो. अंक एक, पण प्रत्येक लेखाचा हिशेब वेगळा. लेखकाचं नाव कुठेच कळत नसेल, तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजायची. सरकारी पुस्तिकेलाही तोच नियम: १९७० ची असेल तर २०३० संपेपर्यंत थांबा.

३. लाइट गेली. वारसांना पत्रं लिहायची वेळ. परवानगी लेखीच हवी. फोनवरचा ‘टाका की’ पुरत नाही.

४. बुरूडकाम करणाऱ्या मावशी येतात. बंद यादीतल्या पुस्तकात सुपाच्या विणीची आकृती आहे. त्या विचारतात, “असं सूप बनवाले बी परवानगी लागते का जी?” नाही लागत. हक्क लेखकाच्या शब्दांवर आणि आकृतीवर. विणायच्या रीतीवर नाही. आकृती बघून त्या म्हणतात, “काठाचं त दाखवलंच नाही यानं.” मग काठ कसा बांधायचा ते कामट्या घेऊन त्याच दाखवतात. मी माझ्या शब्दांत लिहून घेतो. अख्खं पुस्तक २०५५ पर्यंत बंद राहिलं तरी वीण अडत नाही.

५.३०. तक्ता भरायचा: मुक्त, फक्त जतन, परवानगी हवी. या पुस्तकांत लेखक आहे, प्रकाशक आहे; ज्यांच्या हातचं बघून लिहिलं त्यांचं नाव बहुतेक वेळा नाही. कायदा तो रकाना मागत नाही. आम्ही जोडला आहे: ‘कोणी दाखवलं’. मावशींना विचारलं. नाव लिहा म्हणाल्या, गावासकट.