वेबसाइट शिफ्ट करताय? वॉचमनकाकांना सांगून जा!

एफवायला असताना गमतीत एक भन्नाट नावाचं डोमेन घेतलंत. तीन वर्षांत त्यावर फोटो, लेख, प्रोजेक्ट्स असा मस्त पोर्टफोलिओ उभा राहिला. आता नोकरी शोधायची वेळ आली, म्हणून स्वतःच्या नावाचं डोमेन घेऊन सगळं तिकडे हलवलंत आणि जुनं बंद केलंत. पण रेझ्युमे तर जुन्या लिंकसकट दहा ठिकाणी गेलाय! समोरच्यानं क्लिक केलं की ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही'.

घर बदलताना आपण वॉचमनकाकांना नवा पत्ता देऊन जातो ना? इंटरनेटवर हे काम रीडायरेक्ट करतो. त्यातला ३०१ म्हणजे 'ते कायमचे गेले, नवा पत्ता हा घ्या'. ३०२ म्हणजे 'गावाला गेलेत, येतील परत'. चुकून ३०२ लावलात, तर गूगल जुनाच पत्ता धरून बसण्याची शक्यता जास्त. ३०१ लावलात, तर जुन्या पत्त्यानं कमावलेली पत नव्याकडे जाते.

काय कराल?

● प्रत्येक जुन्या पानावरून त्याच्याच नव्या पानावर पाठवा. सगळ्यांना सरसकट होमपेजवर ढकललंत, तर गूगल ती पानं हरवलीच असं समजू शकतं.

● गूगल सर्च कन्सोलमध्ये 'चेंज ऑफ अॅड्रेस' ही सोय आहे. डोमेन बदललं की तिथे कळवा.

● जुनी साइट सर्च इंजिनसाठी ब्लॉक करू नका. गूगलचा बॉट दारापर्यंत पोचलाच नाही, तर त्याला नवा पत्ता कळणार कसा?

● आतल्या लिंक्स आणि साइटमॅपमध्येही नवे पत्ते टाका.

एवढं करूनही दुसऱ्या दिवशी सर्चमध्ये जुनीच लिंक दिसली, तर घाबरू नका. बॉट एकेक पान पुन्हा वाचतो. मध्यम आकाराच्या साइटलाही काही आठवडे लागतात आणि तोवर रँकिंग थोडं वरखाली होतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जुनं डोमेन लगेच सोडू नका. रीडायरेक्ट किमान वर्षभर तरी ठेवा, असं गूगलच सांगतं. रिन्यू केलं नाहीत, तर ते डोमेन कोणीही विकत घेऊ शकतं. मग तुमच्या रेझ्युमेवरच्या लिंकवर उद्या सट्ट्याची जाहिरातही झळकेल, आणि वर नाव तुमचंच असेल!

तेव्हा आज पाच मिनिटं काढा आणि रेझ्युमेवरची लिंक स्वतः उघडून बघा. दार उघडतंय ना?