महालक्ष्म्यांचे तीन दिवस आणि आहाराचा नेम

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठागौरींचे आवाहन होते, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. नागपूरकडे आपण त्यांना प्रेमाने ‘महालक्ष्म्या’ म्हणतो. कन्हानच्या तीरी १८२१ साली छावणी म्हणून उभ्या राहिलेल्या आमच्या कामठीतही या तीन दिवसांत ज्या घरी महालक्ष्म्या बसतात, त्या घरी पुरणाचा आणि तुपाचा सुगंध दरवळत असतो. सोळा भाज्या, कढी, वडे, ज्वारीची आंबील आणि तुपात न्हालेली पुरणपोळी! माहेरवाशिणींचे कोडकौतुक व्हावे तसे हे कौतुक असते, आणि त्यात काहीही वावगे नाही.

परंतु याच पंगतीत अलीकडे एक मूक संकोच बसलेला असतो. आषाढी एकादशीला चातुर्मासाचे नेम घेतले जातात. पूर्वी कोणी कांदा-लसूण सोडी, कोणी एकभुक्त राही. आज कित्येक घरांत वैद्यांच्या सल्ल्यावरून साखर, तळण आणि रात्रीचे जड जेवण सोडण्याचा नेम घेतला जातो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हा नेम म्हणजे हौस नव्हे, ती संसाराची काळजी होय.

असा नेम दोन महिने पाळावा आणि पूजनाच्या दिवशी आग्रहाच्या चार पोळ्यांनी तो मोडावा, हे घरोघरी घडते. आमच्या मते खरी हानी त्या चार पोळ्यांनी होत नाही. हानी होते ती दुसऱ्या दिवशी उच्चारलेल्या एका वाक्याने : ‘नेम मोडलाच आहे, आता दिवाळीनंतर पाहू.’ एका दिवसाची चूक त्या वाक्याने दोन महिन्यांची होते.

आपले धर्मग्रंथ या प्रसंगी काय सांगतात? भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगून युक्त आहाराचा उपदेश केला आहे. त्याच अध्यायात पुढे अर्जुनाच्या मुखातून आपल्याच मनातील शंका आली आहे : श्रद्धा आहे, पण प्रयत्न अपुरा पडून जो मार्गावरून ढळला, त्याचे काय? भगवंत उत्तर देतात की, कल्याणाचा मार्ग धरणाऱ्याची कधीही दुर्गती होत नाही. त्याचा मागील अभ्यास त्याला पुन्हा पुढे ओढून नेतो. आहाराच्या नेमालाही हे आश्वासन लागू का पडू नये?

थोरांनाही हा प्रसंग चुकलेला नाही. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत १९१८ सालची हकीकत प्रांजळपणे लिहिली आहे. खेडा जिल्ह्यात प्रकृती बिघडलेली असताना, दुपारी काहीही घ्यायचे नाही असे ठरवूनही, सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली गव्हाची गोड लापशी आणि मूग पाहून त्यांचा निश्चय ढळला. तासाभरातच आमांशाने गाठले आणि दीर्घ दुखण्याने त्यांना अंथरुणाला खिळविले. तरी त्यांनी आहाराचे प्रयोग सोडले नाहीत. पुढे १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ व पालेभाज्या यांचा प्रसार आपल्याच विदर्भाच्या भूमीतून झाला.

या हकीकतीत गृहिणींनी ध्यानी घ्यावे असे एक मर्म आहे. नेम मोडतो तो बहुधा जिभेच्या लोभाने नव्हे, तर वाढणाऱ्या हाताच्या मायेने. म्हणून पथ्यकऱ्याच्या नेमात वाढणारीचाही वाटा असतो. ‘माझ्या गळ्याची शपथ’ असा आग्रह करण्याऐवजी आधी कोशिंबीर, भाज्या व आंबील वाढावी आणि मग अर्धी पोळी प्रसाद म्हणून द्यावी. प्रसादाचे पुण्य मापावर अवलंबून नसते. उरलेले पुरण आपल्याच घरी दोन दिवस पुरविण्यापेक्षा त्याच सायंकाळी शेजारीपाजारी वाटावे.

औषधासंबंधीही मनात किंतु नको. पाणी, मूळ, फळ, दूध आदी आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे शास्त्रवचन आहे, आणि त्या आठांत औषधाचीही गणना आहे. मधुमेहाची गोळी किंवा सुई घेणाऱ्यांनी नवरात्राचे उपवास धरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. उपवासाला साबुदाणा आणि तळलेले बटाटे खाऊन संयम साधत नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टच होय. त्यापेक्षा ताक, राजगिरा आणि मोजके फळ बरे.

आणि खुद्द महालक्ष्म्यांचेच तीन दिवस पाहा. अनेक घरांत आवाहनाच्या सायंकाळी त्यांना भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, पूजनाला पुरणावरणाचा, आणि निरोपाला साधा दहीभात. प्रत्यक्ष लक्ष्मीसुद्धा भाकरीने येते आणि दहीभाताने जाते. मधला एकच दिवस मिष्टान्नाचा! तेव्हा भाविक भगिनींनो, पूजनाच्या दिवशी ज्यांचा नेम ढळला असेल, त्यांनी खंत करीत बसू नये. विसर्जनाच्या अक्षता वाहताना पुनरागमनाची प्रार्थना आपण करतोच. त्याच वेळी आपल्या नेमालाही परत बोलवावे, आणि त्या रात्री ताटात ज्वारीची भाकरी वाढून घ्यावी.