पावले मोजणारे यंत्र

आलेख कागदावर (५०, २०) हा बिंदू दाखवायला सांगितला, तर विद्यार्थी आधी क्ष-अक्षावर ५० एकके मोजतो आणि मग वर २०. सीएनसी मिलिंग यंत्र नेमके हेच करते. त्याच्याकडे पेन्सिलीऐवजी गरगर फिरणारे कटर असते आणि कागदाऐवजी लाकडाची फळी. खोली मोजायला तिसरा अक्ष असतो, एवढेच.

आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली चालवून दाखवण्यात आले. त्याच्या आज्ञा भोके पाडलेल्या फितीवर असत. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी आर्डुइनो या छोट्या बोर्डासाठी ‘जीआरबीएल’ हा विनामूल्य प्रोग्रॅम सुरू केला. त्यामुळे अशी यंत्रे घरातल्या टेबलावर मावू लागली. ‘३०१८’ या नावाने मिळणारे यंत्र सुमारे ३० सेंमी लांब व १८ सेंमी रुंद जागेत काम करते. ते वापरायला दोन गणिते समजली पाहिजेत.

पहिले गणित : पावलांचे

यंत्राच्या प्रत्येक अक्षावर एक स्टेपर मोटर असते. ती सलग न फिरता पावलापावलाने फिरते. एका पावलात १.८ अंश, म्हणजे एका फेरीत २०० पावले. नियंत्रक प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, तेव्हा एका फेरीची ३,२०० पावले होतात. मोटरीला जोडलेला स्क्रू एका फेरीत टेबल ४ मिमी सरकवत असेल, तर १ मिमीसाठी ८०० पावले लागतात. ५० मिमी जायचे तर ४०,००० पावले!

पण हे यंत्र आंधळे आहे. आपण खरोखर तिथे पोहोचलो का, हे ते पाहत नाही. कटर अडले आणि मोटरीची शंभर पावले चुकली, तरी यंत्र पुढचे आकडे मुकाट्याने पाळत राहते. म्हणून सुरुवातीला कटर काढून त्या जागी पेन बांधा आणि कागदावर १०० मिमीचा चौरस काढून पाहा. बाजू ५० मिमीच आली, तर प्रोग्रॅममधला ८०० हा आकडा चुकून ४०० भरलेला असणार. रेघ सुरुवातीच्या बिंदूला येऊन मिळत नसेल, तर पावले चुकत आहेत किंवा काहीतरी सैल आहे. नंतर वर्तुळ काढा. दिशा उलटते तिथे ते चपटे दिसले, तर स्क्रूच्या आट्यांमध्ये ढिलाई आहे.

दुसरे गणित : किसाचे

नवखा माणूस भीतीपोटी कटर अगदी सावकाश पुढे नेतो. इथेच घोटाळा होतो. रंधा फार हलका धरला, तर तो लाकूड सोलत नाही, नुसता घासतो. कटरचेही तसेच. समजा, ते मिनिटाला ८,००० फेरे घेते, त्याला २ धारा आहेत आणि प्रत्येक धारेने ०.०३ मिमी जाडीचा कीस काढावा अशी अपेक्षा आहे. मग

८,००० × २ × ०.०३ = ४८० मिमी

इतके अंतर त्याने मिनिटाला कापले पाहिजे. तुम्ही १०० मिमीच ठेवले, तर कीस ०.००६ मिमीचा होतो. एवढ्या पातळ थरात धार शिरत नाही, ती घासते. कापताना बरीच उष्णता किसाबरोबर निघून जाते. कीस नसेल, तर ती कटरमध्ये आणि लाकडात साठते. लाकूड काळे पडते, अ‍ॅक्रिलिक वितळून कटरला चिकटते, धार बोथट होते.

मग नाजूक यंत्राला जपायचे कसे? वेग नव्हे, खोली कमी करा. ३ मिमी जाडीच्या कटरने मऊ लाकडात एका वेळी अर्धा मिमी उतरा. ६ मिमीची खाच बारा फेऱ्यांत पूर्ण होईल.

एवढे पाळाच

डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. हातमोजे घालू नका, ते कटरमध्ये गुंततात. ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस दूर ठेवा. जॉब क्लॅम्पने घट्ट आवळा, हाताने कधीही धरू नका. एमडीएफची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून मास्क लावा. बंद करायचे बटण हाताशी ठेवा आणि यंत्र चालू असताना जागा सोडू नका. त्याला डोळे नाहीत, ते काम आपलेच.

वर्गासाठी प्रश्न : वरच्या उदाहरणात कटर दोनऐवजी एकाच धारेचे घेतले आणि कीस तेवढाच जाड ठेवला, तर वेग किती ठेवावा लागेल?