बुआ शेरीचा चहा : घरच्या गिऱ्हाइकाने तारलेला उद्योग

मॉरिशसमध्ये पाहुणा घरी आला की त्याच्यापुढे व्हॅनिलाच्या वासाचा 'दिते' येतो. पुड्यावर पुष्कळदा बुआ शेरीचे नाव असते. त्या नावामागचा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक नसतो, म्हणून आम्ही तो येथे थोडक्यात सांगत आहोत.

चहाची रोपे या बेटावर अठराव्या शतकात, फ्रेंच अमलात आली. धंदा म्हणून चहा पिकवणे पुष्कळ उशिरा सुरू झाले. सावान जिल्ह्यातील बुआ शेरीचा मळा १८९२ सालचा. महाशिवरात्रीला गंगा तलावाकडे जाणाऱ्यांना हा उंच, थंड व पावसाळी प्रदेश परिचित आहे. चहाला अशीच ओली हवा मानवते. सकाळी लवकर बायका दोन पाने व एक कळी खुडतात. कारखान्यात ती पाने कोमेजू देतात, कुस्करतात, आंबवतात व गरम हवेवर वाळवतात. व्हॅनिलाचा वास शेवटी दिला जातो.

१९६० व १९७० च्या दशकांत लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने जंगल तोडून चहाचे मळे वाढवले व लहान शेतकऱ्यांना जमिनी दिल्या. त्या काळी बहुतेक चहा परदेशी जाई. पुढे जगाच्या बाजारात भाव पडले. इकडे कापडाचे कारखाने निघाले आणि मळ्यात मजूर मिळेनासे झाले. साखरेला मात्र युरोपात हमीचा, चढा भाव होता. म्हणून १९९० च्या दशकात हजारो एकर चहा उपटून तेथे ऊस लावला गेला. साखरेची ती हमीही २००९ मध्ये संपली!

या पडझडीत बुआ शेरी टिकली, कारण तिचा चहा इथल्याच घराघरांत प्यायला जात होता. परक्यांच्या भावावर उभा असलेला धंदा त्या भावाबरोबर कोसळतो. घरचे गिऱ्हाईक सहसा पाठ फिरवीत नाही. आज तेथे चहाचे संग्रहालय आहे, पर्यटकही येतात.

परंतु एक चिंता उरतेच. खुडणाऱ्या बायका आता वयस्क झाल्या आहेत, आणि पाठीवर टोपली घेऊन पावसात उभे राहण्यास तरुण मुली तयार नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. पण त्या कष्टाला योग्य मोल व मान मिळाला नाही, तर पुड्यावरचे नाव राहील आणि आतला चहा परदेशातून येईल. पालकांनी व शिक्षकांनी मुलांना एकदा तो मळा अवश्य दाखवावा, एवढीच आमची विनंती.