लॅपटॉप परदेशात चालतो, घरचा मेडिक्लेम चालत नाही



जयसिंगपुरात आजारी पडलं की आपण फार विचार करत नाही. साधं दुखणं असेल तर जवळचा डॉक्टर, मोठं निघालं तर गाडी काढायची आणि मिरज गाठायचं. वानलेस साहेबांचं हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं तेव्हापासून कुठून कुठून लोक मिरजेला येतात. आपल्याला तर ते हाकेच्या अंतरावर. डॉक्टर ओळखीचा, मेडिकलवाला ओळखीचा, आणि पैसे कमी पडले तर "उद्या आणून देतो" म्हणायची सोय. ही सवय घेऊनच आपली पोरं आता लॅपटॉप पाठीला लावून परदेशात निघालीत. म्हणून आजचा विषय.

माझ्या बॅचमधला एक मुलगा बाहेरच्या क्लायंटसाठी पॅकेजिंग डिझाइन करतो. कामात एकदम चोख. पुढचा प्लॅनही ठरलेला: गावात स्वतःचं बॉक्स बनवायचं युनिट टाकायचं. त्यासाठी तीन वर्षं पैसे साठवत होता. त्याआधी पाच-सहा महिने थायलंडला राहून काम करायचं असं त्याच्या मनात आलं. थायलंडनं २०२४ पासून असं दूरून काम करणाऱ्यांसाठी डीटीव्ही नावाचा व्हिसा सुरू केलाय. पाच वर्षांचा असतो, एका वेळी १८० दिवस राहता येतं. खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. यानं मशीनसाठी साठवलेले पैसेच दाखवले. व्हिसा रीतसर मिळाला.

विमा किती दिवसांचा घेतला? तीस दिवसांचा. कारण तिकीट बुक करताना वेबसाइटवर तोच टिक करायला समोर आला होता. "नंतर बघू की" म्हणाला.

दुसऱ्या महिन्यात पावसात स्कूटर घसरली. मनगट मोडलं, प्लेट टाकायला लागली. बिल रुपयात साडेपाच लाखांच्या घरात. वडिलांचा मला फोन आला, "सर, आपला फॅमिली मेडिक्लेम आहे की पाच लाखांचा! दर वर्षी भरतोय." पॉलिसी मागवून वाचली. उपचार भारतातच झाले पाहिजेत, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. ट्रॅव्हल पॉलिसी संपलेली. आणि खरं सांगायचं तर ती चालू असती तरी क्लेम अडकलाच असता, कारण त्याच्याकडे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट नव्हतं. वैध लायसन्स नसताना गाडी चालवली की बहुतेक पॉलिसी हात वर करतात. आपल्याकडे हे परमिट आरटीओत १००० रुपये फी भरून वर्षभरासाठी मिळतं. मूळ लायसन्सवर टू-व्हीलर मात्र हवी.

बिल मशीनच्या पैशातून गेलं. युनिट लांबलं.

आता यात कोणी फसवलं का? नाही. नोकरीवाला कंपनीच्या कामासाठी बाहेर जातो तेव्हा त्याचा विमा एचआर बघतो. तुम्ही स्वतःचा धंदा करता, म्हणजे एचआर तुम्हीच. आणि या एचआरनं अजून कागदच वाचलेले नसतात!

मुळात आपण तीन वेगळ्या गोष्टींना "विमा काढलाय" असं एकच वाक्य लावतो. घरचा मेडिक्लेम हा भारतातल्या हॉस्पिटलसाठी. काही महाग प्लॅनमध्ये परदेशातले उपचार असतात, पण त्यालाही दिवसांच्या आणि आजारांच्या अटी असतात, त्या वाचायच्या. दुसरा ट्रॅव्हल इन्शुरन्स. हा अचानक आलेल्या संकटासाठी आहे: अपघात, अपेंडिक्स, पासपोर्ट हरवला, असं. एका प्रवासाची पॉलिसी साधारण १८० दिवसांपर्यंत मिळते. इथं एक फसगत होते. "वर्षभराची मल्टी-ट्रिप" हे नाव ऐकून लोक खूश होतात, पण तिच्यात प्रत्येक ट्रिपला ३०, ४५ किंवा ६० दिवसांची मर्यादा असते. वर्षभराची म्हणजे वर्षभर बाहेर राहा असं नव्हे. आणि ही पॉलिसी भारतातून निघण्याआधी घ्यायची असते. मुदत वाढवायची तर संपायच्या आत अर्ज करायचा, संपल्यावर नाही.

तिसरा प्रकार म्हणजे इंटरनॅशनल हेल्थ इन्शुरन्स, जो खरोखर परदेशात राहणाऱ्यांसाठी असतो. ओपीडी, तपासण्या, चालू आजार यातलं बरंच काही प्लॅनप्रमाणे त्यात घेता येतं. प्रीमियम चांगलाच जास्त. अमेरिका वगळली तर पुष्कळ कमी होतो, कारण तिथला खर्चच तसा आहे. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं इमर्जन्सीत आलेल्या माणसाला हॉस्पिटल हाकलू शकत नाही. उपचार होतात. पण बिल घरी येतंच. परदेशी कंपन्यांच्या महिन्याला पैसे भरायच्या ऑनलाइन पॉलिसीही आहेत, निघाल्यानंतरही घेता येतात. फक्त एक लक्षात ठेवा: भारतीय कंपनीशी वाद झाला तर आपल्या जिल्ह्याला पुण्याच्या विमा लोकपालाकडे फुकटात तक्रार करता येते. बाहेरच्या कंपनीबाबत तो दरवाजा नाही.

देशाप्रमाणे नियम बदलतात. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतं, त्याशिवाय फाइलच पुढे जात नाही. स्पेनचा रिमोट कामाचा व्हिसा घ्यायचा तर स्पेनमध्ये परवानगी असलेल्या कंपनीचीच पॉलिसी मागतात, आपली ट्रॅव्हल पॉलिसी तिथं उपयोगाची नाही. इंग्लंडला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळाच्या व्हिसावर जाणारे बहुतेक जण वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य सरचार्ज भरतात आणि तिथली सरकारी सेवा वापरतात. व्हिजिटर म्हणून गेलात तर तो भरत नाही, पण दाखल व्हायची वेळ आली तर दीडपट दरानं बिल. व्हिसासाठी लागणारं कव्हर हे कमीत कमी असतं, तेवढं तुम्हाला पुरेल असं कोणी म्हटलेलं नाही.

बीपी, शुगर असेल तर फॉर्मवर लिहा. एजंट "नका लिहू, प्रीमियम वाढेल" म्हणाला तर एजंट बदला. ट्रॅव्हल पॉलिसीत आधीचे आजार बहुधा वगळलेलेच असतात, जीवावर बेतलं तरच थोडं कव्हर मिळतं. म्हणून चालू गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट बरोबर न्या.

आणि बाहेर चाललोय म्हणून घरचा मेडिक्लेम बंद करू नका. हा सल्ला मी जरा जोरातच देतो. आधीच्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने केलाय. तुमचे दोन वर्षं भरून झालेले असतील आणि पॉलिसी खंडित झाली, तर मोजणी पुन्हा शून्यावर. वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांचा ग्रेस असतो, तो परदेशात असताना कधी निघून जातो कळत नाही. ऑटो-डेबिट लावून जा. शिवाय परदेशातलं बिल या पॉलिसीतून मिळत नसलं, तरी परत आल्यावर इथं करायच्या पुढच्या उपचारांना ती धरता येते.

पैशाचं म्हणाल तर विम्याचा खर्च क्लायंटच्या रेटमध्ये धरा. सहा महिन्यांच्या प्रीमियमला महिन्यांनी भागा आणि इंटरनेट, भाडं यांच्या शेजारी लिहा. तो तिथं बसत नसेल तर दर कमी आहे किंवा मुक्काम जास्त आहे, दोन्हीपैकी एक बदला.

दाखल व्हायची वेळ आली तर पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर आधी फोन करायचा, कॅशलेस त्यावरच ठरतं. तो नंबर घरच्यांकडेही द्या. बिलं, रिपोर्ट, अपघात असेल तर पोलिसांचा कागद, सगळ्याचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

आमचा तो मुलगा डिसेंबरात परत चाललाय. परवा येऊन परमिट दाखवून गेला, पॉलिसीही घेतलीय, १८० दिवसांची. वडिलांनी तिचा फोटो काढून तीन जणांना पाठवला, त्यात मीही आहे. मशीनचं कोटेशन अजून माझ्याच टेबलावर पडलंय, नवीन दरानं परत मागवायला लागेल.