‘अर्ध्या तासात घरपोच’ लिहिण्याआधी हे वाचा

मागच्या व्हिडिओत होम डिलिव्हरी कशी सुरू करायची ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, किती मिनिटांत पोचवतो असं लिहू?" उत्तर देण्याआधी माझीच चूक सांगतो.

लालबागला माझं फराळ-मसाल्याचं छोटं दुकान आहे. सुरुवातीला पाटीवरच लिहिलं होतं, ‘अर्ध्या तासात घरपोच’. पोराला पगार कमी, प्रत्येक डिलिव्हरीमागे पैसे. एका पावसाळी संध्याकाळी सातला तो गिरगावची ऑर्डर घेऊन निघाला. स्कूटरवर पायाशी दोन पिशव्या, हँडलला एक. भायखळ्याजवळ पुढच्या टॅक्सीने ब्रेक मारला, यानेही मारला, आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवरून चाक घसरलं. खांद्याचं हाड मोडलं, दीड महिना घरी. सगळे म्हणाले, "पाऊस होता ना." मीही तेच म्हणत होतो. पण त्याला पावसात घाई करायला कोणी लावलं? माझ्या पाटीने.

आता अपघात कशाने वाढतात ते बघा. सगळ्यात मोठं कारण वेग. ३० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण ८ मीटर जाते, ५० ला जवळपास १४. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तरी जातोच, आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला अजून अंतर लागतं. सरकारी आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाखाली नोंदलेत, आणि गेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते. सगळ्यात जास्त अपघात होतात संध्याकाळी ६ ते ९ मध्ये. आपल्या ऑर्डरींचीही हीच वेळ!

गर्दीचं गणित मात्र उलटं आहे. लॉकडाऊनच्या २०२० साली देशात अपघात १८ टक्क्यांनी कमी झाले, मृत्यू मात्र १३ टक्क्यांनीच. म्हणजे अपघात कमी, पण झाला तर जास्त जीवघेणा. रस्ते मोकळे की गाड्या सुसाट. दुपारी लालबागच्या सिग्नलला आरसा तुटतो. रात्री साडेअकराला रिकाम्या फ्लायओव्हरवर जीव जातो. "रस्ता मोकळा आहे, पटकन जाऊन ये" हे वाक्य मी तेव्हापासून बंद केलं.

अजून एक गंमत. मॅपवर कारची वेळ बघून गिऱ्हाइकाला शब्द देऊ नका. जे.जे. फ्लायओव्हरवर दुचाकीला बंदी आहे, पोराला खालून मोहम्मद अली रोडच्या गर्दीतून जावं लागतं. ती दहा-पंधरा मिनिटं तो कुठून भरून काढणार? सिग्नल तोडून नाहीतर उलट्या दिशेने घुसून.

मी काय बदललं? पाटी पुसली. आता दुपारी ४ पर्यंतची ऑर्डर त्याच दिवशी, नंतरची दुसऱ्या दिवशी सकाळी. पगार फिक्स केला, कारण डिलिव्हरीमागे पैसे म्हणजे घाईचे पैसे. पिशव्यांऐवजी मागे पेटी बसवली. टायर आणि ब्रेक पावसाळ्याआधी गॅरेजला दाखवतो. हेल्मेट नसेल तर माल हातात देत नाही.

कागदांचं पण सांगतो, इथे नवे दुकानदार हमखास फसतात. लायसन्स नसलेल्याला गाडी दिलीत तर २०१९ च्या सुधारित कायद्यात मालकालाही ५,००० रुपये दंड आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहेच. पण खासगी पॉलिसीच्या गाडीवर धंद्याची डिलिव्हरी केली तर क्लेम अडू शकतो, एजंटकडून लेखी विचारून घ्या. कामावर असताना कामगाराला अपघात झाला तर कायद्याने भरपाईची जबाबदारी मालकावर येऊ शकते. माझ्या वेळी पोराच्या स्वतःच्या स्कूटरचा इन्शुरन्स संपलेला होता, आणि मी कधी विचारलंच नव्हतं. हॉस्पिटलचं बिल मी भरलं. त्या सीझनचा नफा त्यातच गेला.

पाटी पुसल्यावर पहिल्या महिन्यात काही ऑर्डरी गेल्या, खोटं नाही बोलणार. दिवाळीला बहुतेक गिऱ्हाइकं परत आली. पोरगा अजून माझ्याकडेच आहे. पाऊस जोरात असला की आता तोच म्हणतो, "दादा, उशीर होईल, आधी फोन करून सांगा."