आठ डॉलरांचा हिशेब

वांद्र्याच्या आमच्या बिऱ्हाडी परवा पाच दिवसांच्या सिंगापूरवारीचा जमाखर्च मांडला: खाणे, बसभाडे, अडीअडचण, खरेदी. खरेदीचा आकडा पाहून ऐंशीचे वडील हसले. १९७० च्या सुमारास ते परदेशी निघाले, तेव्हा परकीय चलनाच्या टंचाईमुळे प्रवाशाला अवघे ८ डॉलर मिळत. आज रिझर्व्ह बँकेच्या २००४ साली सुरू झालेल्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. आडवा येतो तो प्राध्यापकाचा पगार!

“आजोबा, आठांत काय आणलंत?” मुलीने विचारले.

“आईला काहीच आणता आलं नाही. पुढच्या खेपेस आणीन म्हटलं. तेव्हा ती नव्हती.”

मी निमूटपणे माझ्या पुस्तकांची रक्कम खोडली आणि सर्वांत वर लिहिले: ‘आई-बाबांसाठी’. वाचकहो, काटछाट त्याखालून सुरू करावी.